पंचहौदचं चर्च कॅथलिक की प्रोटेस्टंट?

धूप, वेदी, 'फादर' बघून गोंधळ होतोच. पण पुण्याच्या गुरुवार पेठेतलं हे पवित्र नाम देवालय (१८८५) रोमन कॅथलिक नव्हे. मूळचं ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या परंपरेतलं, त्यातही अँग्लो-कॅथलिक वळणाचं: पोपची सत्ता मानायची नाही, पण पापकबुली, पाद्र्यांचे भरजरी झगे, मठवासी ब्रदर-सिस्टर हे सगळं हवं. इथलं मिशन ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या फादर लोकांचं होतं, सोबतीला वाँटेजच्या सिस्टर. १९७० पासून उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये, म्हणजे 'सीएनआय'मध्ये.

आणि हो, १८९० मध्ये टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेणारा तो प्रसिद्ध चहा याच मिशनमधला! ख्रिस्त्यांकडचा चहा घेतल्याने धर्म बुडाला, असा सनातन्यांचा आरोप. पेल्याला तोंड न लावणारेही तेव्हा ग्रामण्यात, म्हणजे जातबहिष्काराच्या वादात, अडकले.