कोयता: अवजार, हत्यार की शस्त्र?

प्रश्न असा आला आहे: "'सदर इसम लोखंडी कोयता हे घातक हत्यार विनापरवाना बाळगताना मिळून आला' अशी बातमी वाचली. कोयता हे तर शेतीचे अवजार. त्याला हत्यार म्हणणे बरोबर आहे का? हत्यार हा शब्द हत्येवरून आला असेल, तर तो अवजाराला कसा चालेल? आणि वस्तू 'बाळगतात' की 'जवळ ठेवतात'?"

आधी व्युत्पत्तीचे पाहू, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. हत्यार आणि हत्या यांचे काही नाते नाही. दिसतात सख्ख्या भावंडांसारखे, पण घराणी वेगळी. हत्या 'हन्' धातूची, म्हणजे मारण्याची. हत्यार मात्र हाताचे. हिंदीत 'हथियार' आहे, त्यातला 'हथ' म्हणजे संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ. मराठीने 'थ'चा 'त' केला आणि शब्द हत्येच्या शेजारी जाऊन बसला. हिंदीत 'हथियार' आणि 'हत्यारा' यांच्यात 'थ' आणि 'त'चा फरक टिकून आहे, म्हणून तिथे हा गैरसमज होत नाही. आपल्याकडे हातोडा आणि हत्ती हेही याच हस्ताच्या वंशातले. हत्तीचा हात म्हणजे त्याची सोंड.

म्हणजे हत्यार या शब्दाचा गाभा 'हातात धरायचे साधन' एवढाच आहे, आणि मराठी वापर आजही तसाच आहे. सुताराची हत्यारे म्हणजे पटाशी, रंधा, करवत. न्हाव्याच्या हत्यारांत वस्तरा आला, पण कातरही आली. खंडेनवमीला पूजा होते तेव्हा तलवार असलेल्या घरात तलवार मांडतात आणि नसलेल्या घरात पाना, पक्कड, विळा मांडतात. दोन्हीकडे 'हत्यारांची पूजा' असेच म्हणतात. तेव्हा कोयत्याला हत्यार म्हणण्यात भाषेची काही चूक नाही. तो पहिल्यापासून हत्यारच होता.

'अवजार' हा शब्द फारसीच्या वाटेने आलेला. त्यात कामाचा अर्थ ठाम आहे, मारामारीचा नाही. 'शस्त्र' उलट टोकाला: 'शस्' म्हणजे कापणे, ठार करणे, आणि 'त्र' हा साधनवाचक प्रत्यय, जसा नेत्र किंवा पात्र या शब्दांत आहे. शल्यचिकित्सेसाठी आपण शस्त्रक्रिया हा शब्द वापरला, तिथे कापण्याचा अर्थ जागा आहे. एरवी शस्त्र म्हटले की समोर शत्रू असतो. हत्यार या दोघांच्या मध्ये उभे राहते आणि दोन्हीकडे ये-जा करते. त्याची गंमत तीच आणि अडचणही तीच.

अडचण कुठे येते? कायद्यात. 1959 च्या कायद्याचे अधिकृत मराठी नाव 'शस्त्र अधिनियम' आहे, पण पोलीस ठाण्याच्या भाषेत तो 'भारतीय हत्यार कायदा'. प्रसिद्धिपत्रकांत 'हत्यार कायदा कलम 4, 25 सह महाराष्ट्र पोलीस कायदा 37(1), 135' ही ओळ इतक्या वेळा येते की ती एका दमात वाचायची सवय होते. या ओळीत दोन वेगळे कायदे आहेत आणि दोघांची 'हत्यार' या वस्तूकडे बघण्याची नजर अगदी वेगळी आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या फरकात आहे.

शस्त्र अधिनियमाची व्याख्या म्हणते, हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली किंवा तशी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र. त्यात बंदुका आल्या, धारदार आणि इतर प्राणघातक शस्त्रे आली. मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी तयार केलेल्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरण म्हणून लाठी व साधी फिरायची काठी यांची नावे घेतली आहेत. हा कायदा विचारतो: वस्तू कशासाठी घडवली? गुप्ती घ्या. बाहेरून काठी, आत पाते. नावातच गुप्तपणा असलेली ही वस्तू बचावात 'अहो, ही तर काठी' म्हणून चालत नाही, आणि नियमांच्या अनुसूचीत तलवारीच्या कंसात तिचा स्पष्ट उल्लेख आहे. ऊस तोडायचा कोयता मात्र या व्याख्येत सरळ बसत नाही. बसवायचा तर 'बदलून घेतलेला' हा शब्द पकडावा लागतो: मूठ बदललेली, पाते लांबवलेले, शेतात कुणी वापरणार नाही असा आकार दिलेला.

आता 9 इंचांचे. "9 इंचांपेक्षा लहान चाकू चालतो" हे वाक्य नाक्यावर कायद्याचे कलम असल्याच्या थाटात ऐकवले जाते. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले, सुरे (यात किरपाण आणि कुकरीही) आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची तशी इतर शस्त्रे अशी ओळ आहे, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक, औद्योगिक कामासाठीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. नाक्यावर 'किंवा 2 इंचांहून रुंद' हा भाग गळतो. शिवाय शस्त्र अधिनियमाचे कलम 4 हे अधिसूचनेवर चालणारे कलम आहे. सरकार क्षेत्र आणि शस्त्राचा प्रकार ठरवून परवाना सक्तीचा करू शकते. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने बटणाने किंवा खटक्याने उघडणाऱ्या चाकूंची मर्यादा 7.62 सेंटीमीटर, म्हणजे 3 इंच, इतकी खाली आणली. त्यातले 'बटनदार' आणि 'गरारीदार' हे शब्द मला फार आवडतात. आपण ज्याला सरसकट रामपुरी म्हणतो त्याचे नेमके वर्णन त्यांत आहे. किरपाणाचा उल्लेख आलाच आहे तर एवढे सांगतो की शिखांचा किरपाण धारण करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात आहे. तिथे क्रियापद 'धारण करणे' हे येते आणि ते योग्यच आहे. श्रद्धेची वस्तू धारण करतात.

दुसरा कायदा 1951 चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. सणासुदीला, निवडणुकीत, मोर्चाच्या आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कलम 37 खाली मनाई आदेश काढतात. त्याची भाषा ओळखीची आहे: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेऊ नये. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. 'वापरता येईल अशी'. इथे घडवण्याचा प्रश्नच नाही. जी लाठी शस्त्र अधिनियमाने नाव घेऊन सोडली, तीच लाठी या आदेशाने नाव घेऊन पकडली. मोडणाऱ्याला कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि न्यायालयाने खास कारणे नोंदवली नाहीत तर 4 महिन्यांपेक्षा कमी नाही. बातमीतली ती दोन कायद्यांची जोडी यासाठी असते: कोयता पहिल्यातून निसटला तरी मनाई आदेश लागू असताना दुसऱ्यात अडकतो.

तिसरा प्रश्न दंड संहितेचा, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचा. तिला वस्तू घडवली कशासाठी याच्याशी देणेघेणे नाही. वापरली कशी, हे ती पाहते. पूर्वीचे कलम 324, आताचे 118, गोळी झाडण्याचे, भोसकण्याचे, कापण्याचे साधन किंवा हल्ल्याचे हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू ओढवू शकेल असे कोणतेही साधन, अशी यादी देते. पुढे विस्तव, विष, स्फोटक आणि चक्क प्राणीही आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दगड घातक हत्यार ठरतो का असा प्रश्न आला. हे त्या त्या दगडाच्या आकारावर, धारेवर आणि वापरावर ठरेल, जातीने घातक असा दगड नसतो, असा निकालाचा रोख होता. दातांचे प्रकरण तर वाचण्यासारखे आहे. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, सर्वोच्च न्यायालयाच्या आधीच्या निकालाला धरून, माणसाचे दात घातक हत्यार नव्हेत असे म्हटले. म्हणजे अंगावर कुत्रा सोडला तर हे कलम लागू शकते, स्वतः चावलात तर नाही! हसू येते, पण हत्यार म्हणजे हातातले वेगळे साधन, शरीराचा अवयव नव्हे, हा शब्दाचा मूळ अर्थ इथे न्यायालयातही टिकला आहे.

'घातक' आणि 'प्राणघातक' यांत बातमीदार फरक करत नाहीत. मूळ इंग्रजी कायद्यात 'डेंजरस' आणि 'डेडली' असे दोन शब्द वेगवेगळ्या कलमांत आहेत. दुखापतीच्या कलमात पहिला, दंगा आणि दरोड्याच्या कलमांत दुसरा. मराठीत पहिल्यासाठी घातक आणि दुसऱ्यासाठी प्राणघातक ही वाटणी पाळली तर वाचकाचे भले होईल. दरोड्यावरून आठवले: चाकू खिशातून काढून नुसता दाखवला, मारला नाही, तर तो 'वापरला' का? 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटले. समोरच्याला दिसेल असा धरून भीती घातली तरी तो वापरच. मराठी वर्तमानपत्रे असल्या वेळी 'चाकूचा धाक दाखवून लुटले' लिहितात. निकालाचा आशय याहून कमी शब्दांत बसवणे अवघड.

आता 'बाळगणे'. तुम्हाला हे क्रियापद खटकले, कारण ते आपण मनातल्या गोष्टींसाठी जास्त वापरतो: वैर बाळगतो, संयम बाळगतो, भीती बाळगतो. पण यामुळेच ते इथे चपखल बसते. नकळत कुणी वैर बाळगत नाही. बाळगण्यात जाणीव आहे, काही काळ सांभाळणे आहे, आणि ते हातातच असावे अशी अट नाही. शस्त्र अधिनियमातल्या ताब्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये हेच सांगितले: ताब्यात जाणीव हवी, मात्र वस्तू अंगावर असलीच पाहिजे असे नाही. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातून निघालेल्या एका प्रकरणात 1994 साली घटनापीठाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्यातील शस्त्रताब्यालाही जाणिवेची अट आहे असे स्पष्ट केले. एखाद्याच्या पिशवीत दुसऱ्याने गुपचूप सुरा सरकवला तर त्याच्या 'जवळ' सुरा आहे, पण तो सुरा 'बाळगत' नाही. 'जवळ ठेवणे' किंवा 'ताब्यात असणे' या प्रयोगांत हा फरक दिसत नाही. म्हणून बाळगणेच ठेवा.

'मिळून आला' याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. ही पंचनाम्याची भाषा आहे. अंगझडतीत काय 'मिळून आले' ते लिहिण्यासाठी ती वस्तूला ठीक होती. हळूहळू ती वस्तूवरून माणसावर आली आणि आता इसमही मिळून येतात. बातमीत 'सापडला' पुरे. 'सदर इसम' तर ठाणे अंमलदाराकडेच राहू द्यावा.

कोयत्याचे थोडे राहिले. गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या बातम्यांनी 'कोयता गँग' हा शब्द रूढ केला आणि शहरातल्या मुलांना कोयता म्हटले की दहशतच आठवते. ऊसपट्ट्यात आणि बीडकडे हाच शब्द माणसे मोजण्याचे एकक आहे. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरवतो ती 'एक कोयता' म्हणून. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मजुरांनी तोड थांबवली की तिचे नाव 'कोयता बंद'. कोकणात कोयती कमरेच्या आकडीत अडकवून माणूस बागेत जातो आणि वाटेत कुणी दचकत नाही. तेव्हा बातमी लिहिताना शेतात, बागेत तो अवजार. झडतीत जप्त झाला तर हत्यार. आणि 'शस्त्र' हा शब्द न्यायालयाने व्याख्येत बसवला तरच, असे मी तरी पाळेन.

जाता जाता, तुमच्या कात्रणात खाली 'धारधार' छापले आहे. तो शब्द 'धारदार' असा हवा: धार अधिक फारसी 'दार', जसे टोकदार, पाणीदार.