पिशव्यांसाठी होलसेल कापड: दलाल टाळून थेट कारखान्यातून कसं घ्यावं?

घरी कापडी पिशव्या शिवता, महिन्याला शंभर-दीडशे मीटर कोरं (मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं) कापड लागतं आणि मधला माणूस टाळून कारखानदाराचा नंबर हवाय, असं तुमचं म्हणणं. नंबर मिळेल. पण मधला माणूस टाळायचाच कशाला? हा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा एकही ताका (कापडाचं अख्खं थान) विकत घेतलेला नसतो.

इचलकरंजीतले कित्येक मागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच. मागवाल्याला ‘पिक’च्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरी मिळते. म्हणजे ज्याला तुम्ही ‘थेट’ गाठणार, त्याच्याकडे विकायला स्वतःचं कापडच नसतं. ज्याच्याकडे असतं, तोही एकदा बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) चढवलं की शेकडो मीटर एकच क्वालिटी काढतो. तुमच्या शंभर मीटरसाठी तो माग थांबवणार नाही. एक-दोन ताके देणारा, सेकंड (दोष असलेला) माल बाजूला काढणारा व्यापारी हाच तुमचा पुरवठादार. मुंबईत मंगलदास आणि मुळजी जेठा मार्केट, पुण्यात रविवार पेठ, किंवा इचलकरंजीतल्याच पेढ्या. दिवाळीआधीचे तीन आठवडे सोडून जा, तेव्हा लहान गिऱ्हाइकाकडे कोणी बघत नाही.

‘कॅनव्हासचा रेट काय?’ असा मेसेज टाकू नका. असा लिहा: ‘पिशव्यांसाठी कोरा कॅनव्हास, २४० जीएसएम, पन्हा ४८, फ्रेश माल. आत्ता १ ताका, पुढे महिन्याला १५० मीटर. नेट रेट, जीएसटी वेगळा की धरून, आणि अर्धा मीटर नमुना पैसे घेऊन पाठवाल का?’ जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, इंचांत. फ्रेश म्हणजे दोष नसलेला. नमुन्याचे पैसे स्वतःहून देऊ केले की समोरचा गंभीरपणे बोलतो.

सगळ्यात जास्त पैसे पन्ह्यात जातात आणि सगळे रेटवर घासाघीस करत बसतात. १४ बाय १६ इंचाची पिशवी, तळ दुमडीचा: कटिंग १५ रुंद, ३५ लांब. ४८च्या पन्ह्यात तीन तुकडे बसतात, ३ इंच उरतात, ते बंदांना. पण कोरं कापड धुऊन कापणार असाल आणि ते रुंदीत ७ टक्के आटलं, तर पन्हा साडेचव्वेचाळीसच्या आसपास येतो. तीन तुकड्यांना ४५ लागतात. अर्ध्या इंचासाठी दोनच बसतात आणि पिशवीमागचं कापड थेट दीडपट होतं. अशा वेळी मीटरला दोन-तीन रुपये जास्त देऊन ५० पन्हा घेतलेला परवडतो. म्हणून रेट ऐकला की मीटरवर थांबू नका, एका पिशवीला किती पडतो ते काढा.

नमुन्यातून ५० बाय ५० सेंमीचा तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ग्रॅमला ४ ने गुणा: ६० ग्रॅम म्हणजे २४० जीएसएम. मग गरम पाण्यात भिजवून धुवा, वाळवा, इस्त्री करा, लांबी-रुंदी मोजा आणि पुन्हा तोला. वजन ५५ वर आलं तर ५ ग्रॅम सायझिंगची खळ (विणण्याआधी सुताला लावतात ती) होती, तीही तुम्ही कापडाच्या भावात घेत होता. छपाई करणार असाल तर न धुतलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा वर राहिला तर शाईही नीट मुरणार नाही, धुलाईचा खर्च धरा.

ताका घरी आला की घडी पट्टीने मोजा, बिलात एक घडी एक मीटर धरलेली असते. घडी ९८ सेंमीची असेल तर १०० मीटरच्या बिलात २ मीटर गेले. हे व्यापाऱ्याला पहिल्याच खेपेला शांतपणे सांगा, दुसऱ्या खेपेला नाही. रंगीत कापड एका लॉटमधलंच घ्या आणि बिलाला सहा इंचाचा तुकडा टाचून ठेवा, पुढच्या ऑर्डरला शेड जुळवायला दुसरं काही चालत नाही. बिल पक्कंच घ्या. जीएसटी नंबर असेल तर सुती कापडावरचा ५ टक्के कर वजा मिळतो. ट्रान्सपोर्टचं भाडं कोण भरणार हे आधी ठरवा. ‘टू पे’ (भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं) असेल तर गोदामातून माल उचलण्याचा रिक्षाखर्चही तुमचाच.

हे सगळं पाचेकशे मीटरपर्यंत. महिन्याला हजारांत जाल आणि वर्षभर एकच क्वालिटी लागेल, तेव्हा मागवाल्याकडे जरूर जा. पण मग सूत तुम्ही घ्यायचं, त्याचा भाव वर-खाली झाला की तोटाही तुमचा.