काळी मेहंदी लावल्यावर बाबांची दाढी खाजते, पुरळ येतं. मेहंदीनं असं होतं का?

मेहंदीनं नाही, बहुतेक तिच्यातल्या पीपीडीनं, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन या रसायनानं. निव्वळ मेहंदीच्या पाल्याचा रंग नारिंगी-तांबडाच येतो. अर्ध्या तासात कुळकुळीत करणाऱ्या पुडीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, हे नाव बहुधा सापडेल. मी यवतमाळ जिल्ह्यात मेडिकल चालवतो. लग्नसराईत आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी या पुड्या भराभर जातात, अन् दोन दिवसांनी तोच माणूस दुपट्टा तोंडाला गुंडाळून मलम मागायला येतो. 'डोक्याला चालते, मग दाढीलाच का नाही?' हा ठरलेला सवाल. चेहऱ्याची कातडी नाजूक, त्यात नुकतीच दाढी कोरून आणलेली, वस्तऱ्याच्या चिरा ताज्या, आणि वरून जुन्या टूथब्रशनं घासून लावलेला रंग!

- आत्ता: भरपूर साध्या पाण्यानं धुवा. ओठ-पापण्या सुजल्या किंवा दम लागला तर थेट दवाखाना.
- पुढे: पीपीडीवाली पुडी बंद. 'दहा वर्षं लावतोय' याला अर्थ नाही, ॲलर्जी कधीही सुरू होते. 'अमोनिया नाही' म्हणजे पीपीडी नाही, असंही नव्हे.
- बाकीच्यांनी दर वेळी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबावं.

मात्र खाज पीपीडीचीच, हे चामडीच्या डॉक्टरांच्या पॅच टेस्टशिवाय पक्कं होत नाही. रंग हवाच असेल तर आधी शुद्ध मेहंदी, मग निळीच्या पाल्याची पूड. वेळ जातो, पण बऱ्यापैकी काळपट होतं.