आमची बोली ‘अशुद्ध’ आहे का?

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. मुलगा तिसरीत आहे. परवा वर्गात तो ‘मी येलालोय’ म्हणाला, तर बाईंनी ‘ही भाषा नव्हे, बोली आहे, शुद्ध बोल’ असं सुनावलं. तेव्हापासून तो वर्गात तोंडच उघडत नाही. भाषा आणि बोली यांत फरक काय? आणि शाळेच्या फॉर्मवर मातृभाषा कोणती लिहू?
– एक आई, साखर पेठ

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मीही पूर्व भागातलीच. माझे नान्ना, म्हणजे वडील, यंत्रमागावर होते आणि अम्मा विड्या वळायची. मी पाचवीत असताना वक्तृत्वाच्या स्पर्धेत माझ्या तोंडून असाच एक ‘करलालाय’ निसटला आणि परीक्षकांनी मला मध्येच थांबवलं. पुढं मी तीस वर्षं मराठी शिकवली. पण ते थांबवणं अजून आठवतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दच बघू. ‘भाषा’ संस्कृतातल्या ‘भाष्’ धातूवरून आला. त्याचा अर्थ बोलणं. ‘बोली’ आपल्या ‘बोलणे’वरून आला. म्हणजे मुळात दोन्हींचा अर्थ एकच. उच्चनीच नंतर चिकटलं. सरकारदरबारी, पुस्तकांत, परीक्षेत जी चालते तिला आपण भाषा म्हणू लागलो आणि घरात, शेतात, कारखान्यात जी चालते ती बोली ठरली. व्याकरण दोघींनाही असतं. फक्त बोलीचं कुणी छापलेलं नसतं.

तुमच्या मुलाचंच वाक्य घ्या. ‘येलालोय’मध्ये ‘येऊ लागलोय’ सरळ दिसतं. चुकून एखादाच असं बोलला असता, तर प्रत्येकाची चूक वेगळी झाली असती. आपल्याकडे मात्र येलालोय, करलालाय, जालालाय, सगळी क्रियापदं एकाच वळणानं जातात. जिथं वळण ठरलेलं असतं तिथं नियम असतो.

आता दुसरं, माझं फार आवडतं. सोलापुरात ‘तो येतो म्हणून म्हणाला’ असं सर्रास ऐकू येतं. पुस्तकात हवं असतं ‘येतो असं म्हणाला’. हा ‘म्हणून’ कुठून आला, ते मला अम्माच्या विड्यांपाशी बसून कळलं. तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं, बोटांत दोरा. भोवती तीन-चार शेजारणी. एक कन्नड बोलणारी, एक मुसलमान चाची, एक अस्सल मराठी. निरोप एकच असायचा, पण अम्मा सांगायची ‘वस्तानु अनि चेप्पाडु’, कन्नड अक्का ‘बर्तीनि अंत हेळिदा’, चाची दखनी उर्दूत ‘आतूं बोलके बोल्या’ आणि मराठी काकू ‘येतो म्हणून म्हणाला’. अनि, अंत, बोलके, म्हणून. चारही शब्द ‘म्हणणे’ याच क्रियेपासून बनलेले आणि चौघींच्या वाक्यांत एकाच जागी बसलेले. पिढ्यान् पिढ्या एका ओट्यावर बसल्याशिवाय वाक्यं अशी एका साच्याची होत नाहीत. त्या ‘म्हणून’वर लाल रेघ मारली, तर सोलापूरचा केवढा इतिहास खोडला जातो! (‘तूप’, ‘अडकित्ता’, ‘अण्णा’, ‘अक्का’ हे शब्द कन्नडकडूनच आले. त्यांना कुणी अशुद्ध म्हणत नाही.)

‘शुद्ध’ या शब्दाबद्दल माझी खरी तक्रार आहे. शुद्ध म्हटलं की दुसरं आपोआप मळकं ठरतं. त्यापेक्षा ‘प्रमाण’ म्हणा. प्रमाण म्हणजे सगळ्यांना समजावं म्हणून ठरवलेलं माप. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. पण हे सगळे नियम लेखनाचे आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे. पोरानं बोलायचं कसं, हे त्यांत कुठंही नाही. निबंधात ‘मी येत आहे’ लिहायला त्याला जरूर शिकवा, ते त्याला लागणारच आहे. पण मधल्या सुट्टीत त्याला ‘येलालोय’ म्हणू द्या.

आणि प्रमाणरूपंही कायमची नसतात. आपल्या जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या शेवटी ‘वाछि तो विजेया होईवा’ असं आहे, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. दगडावर कोरलेलं ते ‘होईवा’ आज कोणत्या शाळेत बरोबर धरतील? मुलाला एकदा तिथं घेऊन जा.

फॉर्मवर ‘मातृभाषा’ तेलुगू लिहा, बेधडक. घरात आईशी बोलतो ती मातृभाषा. मराठी ही त्याची परिसरभाषा, म्हणजे आजूबाजूला चालणारी. ‘मायबोली’ हा मायेचा शब्द आहे, तो फॉर्मवर मावत नाही. माझ्यापुरत्या दोन मायबोल्या आहेत.

प्रश्न : आजोबा सांगोल्याच्या बाजारात बैलांचे व्यवहार करत. उपरण्याखाली हात घालून बोटं धरायची आणि तोंडानं एक शब्द नाही. शिवाय दलाल आपसांत काही विचित्र आकडे बोलत. अशा बोलण्याला मराठीत शब्द आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आहेत. हातांच्या, बोटांच्या खुणांनी बोलणं म्हणजे करपल्लवी, डोळ्यांनी बोलणं ते नेत्रपल्लवी. उपरण्याखाली धरलेली दोन बोटं म्हणजे दोन. शेकड्यात की हजारात, ते जनावर बघून दोघांनाही ठाऊक असतं. शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये, एवढ्यासाठी ते उपरणं.

त्या विचित्र आकड्यांना नंदभाषा म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही तिची नोंद आहे. तीनाला उधानू, पाचाला मुळू, दहाला अंगळू. म्हणजे महादेवाची तोंडं मुळू, डोळे उधानू आणि हात अंगळू! हे आकडे गावोगावी थोडे बदलतात, काही तर कुठंच उतरवलेले नाहीत. आजोबा असतील तर आजच त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. एकापासून वीसपर्यंत जे आठवतील ते, त्यांच्या उच्चारानंच लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा. इथंच छापू.