अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाला तिकीट होतं, मग तो फुकट कसा झाला?

मी नागपुरात स्टेज आणि मंडपाची कामं घेतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला गाण्यांपेक्षा कुंपणात दिसतं.

आयोजकांनी उदारपणे सगळं फुकट ठेवलं होतं, हा समज खरा नाही. तीन दिवसांचं आगाऊ तिकीट 18 डॉलरला होतं आणि पावणेदोन लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली होती. जागा ठरली होती न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिलची. जुलै 1969 च्या मध्यावर त्या गावाने परवानगी नाकारली, आणि कार्यक्रमाची तारीख होती 15 ऑगस्ट! त्याच राज्यातल्या बेथेल गावचे दुग्धव्यावसायिक मॅक्स यास्गर यांनी आपलं शेत भाड्याने दिलं, पण महिन्याभरात स्टेज, वीज, पाणी, कुंपण, तिकीटखिडक्या हे सगळं उभं राहणं शक्यच नव्हतं. एक तर स्टेज पुरं करा, नाही तर कुंपण. हजारो लोक आधीच येऊन मैदानात बसले होते. त्यांच्यासमोर स्टेजच नसतं तर काय झालं असतं, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. हाताशी होती ती माणसं स्टेजला लावली. कुंपण अर्धवट राहिलं, लोक आत आले आणि शेवटी प्रवेश मोफत जाहीर करावा लागला. माझ्या मते त्यांनी निवडलं ते बरोबरच.

लोक आले चार लाखांच्या वर. रस्ते इतके तुंबले की कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. खाणं संपलं, तेव्हा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्याकडे दीक्षाभूमीच्या वाटेवर लोक आपणहून जेवण-पाणी वाटतात, तसे आसपासचे गावकरी पुढे आले. मॉन्टिसेलोच्या बायकांनी हजारो सँडविच करून पाठवली. यास्गर यांच्या दुधावर बहिष्कार टाका असे फलक शेजाऱ्यांनी लावले होते, तरी यास्गर यांनी पोरांना पाणी फुकट दिलं. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो.

पहिल्याच रात्री, पावसात, पंडित रविशंकरांची सतार झाली, तबल्यावर उस्ताद अल्लारखा. ती गर्दी आणि तो चिखल रविशंकरांना आवडला नव्हता, हे त्यांनी नंतर सांगितलंय. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची पाळी आली सोमवारी सकाळी, तोवर बहुतेक लोक घरी निघून गेले होते.

आयोजकांच्या डोक्यावर दहा लाख डॉलरहून जास्त कर्ज झालं. 1970 मध्ये आलेला माहितीपट आणि ध्वनिमुद्रिका यांच्या पैशातून ते फिटायला पुढे कित्येक वर्षं लागली.