नेमसर्व्हर बदलल्यावर मेल का थांबली?

आपण लिहिले आहे की नव्या होस्टिंग कंपनीच्या सांगण्यावरून डॉट कॉम डोमेनचे नेमसर्व्हर बदलले, संकेतस्थळ व्यवस्थित सुरू झाले, पण तेव्हापासून गुगल वर्कस्पेसच्या खात्यांत काही ग्राहकांच्या मेल येतात आणि काहींच्या परत जातात. दोष वर्कस्पेसमध्ये शोधू नका.

नेमसर्व्हर बदलले की केवळ संकेतस्थळ हलत नाही. डोमेनच्या सगळ्याच नोंदी (संकेतस्थळ आणि मेल कुठे आहे हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) कुठून वाचायच्या हे बदलते, आणि जुन्या नोंदी आपोआप नव्या ठिकाणी येत नाहीत. नव्या होस्टिंगच्या पॅनेलने एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणारी) स्वतःच्याच सर्व्हरकडे वळवलेली असणार. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तिथे जातो, तिथे आपले खातेच नसते, आणि ‘५५०’ हा कायमचा नकार मिळून मेल परत फिरते. तो सर्व्हर बंद असता, तर पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता; असा नकार मिळाल्यावर तो करत नाही. काही मेल अजून पोहोचतात, कारण डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल (वाचलेली नोंद किती काळ जपून ठेवायची ती मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो, आणि तेवढा काळ काही रिझॉल्व्हर (इतरांसाठी या नोंदी शोधून देणारे सर्व्हर) जुन्याच नोंदी वाचत राहतात. त्या मेलही लवकरच थांबतील.

जुने पॅनेल अजून उघडत असेल तर तिथल्या सर्व एमएक्स, टीएक्सटी (मजकुराच्या) आणि सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या) नोंदी आधी उतरवून घ्या आणि नव्या पॅनेलमध्ये भरा. होस्टिंगची मूळ एमएक्स नोंद काढून टाका; गुगलच्या नोंदींसोबत ती राहू दिली तर मेल पुन्हा दोन सर्व्हरांत विभागल्या जातील. नवे पॅनेल सीपॅनेल असेल तर ‘ईमेल राउटिंग’मध्ये ‘रिमोट’ निवडा. हे हमखास राहून जाते: बाहेरून येणारी मेल नीट मिळते, पण आपल्याच संकेतस्थळावरच्या चौकशी फॉर्मची मेल सर्व्हर स्वतःजवळच ठेवून घेतो.

एसपीएफची नोंद (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी) डोमेनला एकच असावी. दोन असल्या तर तपासणी ‘पर्मएरर’ (कायमची चूक) देऊन संपते, म्हणून मेल पाठवणारी दुसरी सेवा जोडायची झाल्यास ती त्याच ओळीत घाला आणि एकूण डीएनएस विचारणा १० च्या आत ठेवा. डीकिमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) नोंदीत नावाच्या रकान्यात डोमेन लिहू नका, कारण बहुतेक पॅनेल ते मागे स्वतः जोडतात आणि नाव दुहेरी होते. जीमेलवर एक चाचणी मेल पाठवून ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ आणि डीकिमपुढे ‘पास’ दिसते का ते पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून या दोहोंपैकी किमान एक मागते, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून दोन्ही आणि वर डीमार्कही (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे हे सांगणारी नोंद).

खरे तर संकेतस्थळच हलवायचे होते तर जुन्या ठिकाणची ए नोंद (संकेतस्थळाच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी), आणि गरज पडल्यास डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची, बदलून भागले असते. होस्टिंगवाले नेमसर्व्हर बदलायला सांगतात ते मुख्यतः त्यांच्या सोयीसाठी.

परत गेलेल्या मेल ग्राहकांकडून पुन्हा मागवाव्या लागतील. मात्र नव्या सर्व्हरवर ‘डीफॉल्ट अ‍ॅड्रेस’ (नसलेल्या पत्त्यांवर आलेली मेल स्वीकारणारी सोय) चालू असेल तर काही मेल तिथल्या मूळ खात्यात पडून असू शकतात; राउटिंग बदलण्याआधी ते खाते उघडून पाहा.