वर्गाची वही

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

दहावीला 10 वर्षे झाली म्हणून तुम्ही वर्गाचा मेळावा भरवत आहात आणि त्याची जबाबदारी तुझ्या गळ्यात पडली आहे, हे तुझ्या पत्रावरून समजले. सभागृह, भोजन आणि स्मृतिचिन्हे यांविषयी तू सल्ला विचारला आहेस. त्यातले मला फारसे कळत नाही. मेळावा आटोपल्यानंतरच्या वर्षांविषयी मात्र थोडे सांगता येईल.

आमचा वाईचा वर्ग 1975 चा. त्या वर्षी नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी आणि जुनी अकरावी अशा दोन्ही शालान्त परीक्षा झाल्या. दोन वर्ग एकदमच शाळेबाहेर पडले आणि त्या गर्दीत कोण कोठे गेले याचा थांग लागेना. 25 वर्षांनी मी पहिला मेळावा भरवला आणि माणशी 500 रुपये वर्गणी ठेवली. पुष्कळ जण आले, छायाचित्रे निघाली, मीही खूश झालो. माझ्या बाकावरचा मित्र तेवढा आला नाही; शेतात काम आहे, असा त्याचा निरोप आला आणि तो मी खरा मानला.

हा मित्र गणितात नापास होऊन मुंबईला गेला होता. आमच्या सातारा भागातली कितीतरी मुले तेव्हा जात तसा तोही लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहून, खानावळीत जेवून गिरणीत लागला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरणी पुन्हा त्याच्या वाट्याला आली नाही आणि तो गावाकडे परतला. पुढे कित्येक वर्षांनी कृष्णेच्या घाटावर बसलो असताना तो सहज बोलून गेला की, त्या 500 रुपयांत त्याच्या घरचा महिन्याचा किराणा येत असे. मी वर्गणीचा आकडा ठरवताना ज्यांना विचारले ते सगळेच नोकरदार होते, हे मला त्या दिवशी उमगले.

म्हणून तुझ्या यादीची सुरुवात नापास झालेल्यांपासून आणि शाळा मध्येच सोडलेल्यांपासून कर. गुणवंत आपोआप सापडतात, किंबहुना तेच तुला शोधत येतील. वर्गणी ऐच्छिक ठेव, पैसे एकाच विश्वासू माणसाकडे जमू देत आणि कोणी किती दिले हे त्याने तुलाही सांगू नये. मुलींच्या नावांपुढे सासरच्या नावाबरोबर माहेरचे नाव आणि गाव अवश्य लिही. आमच्या वर्गातल्या कित्येकींचा पत्ता अखेर त्यांच्या भावांकडून लागला, आणि दोघी तर माझ्याच पेठेत राहत होत्या.

व्हॉट्सॲपचा गट तुम्ही काढालच. तो निरोपांपुरता उपयोगी आहे, परंतु रोजच्या सुप्रभातांच्या ढिगात एखाद्याचे गप्प होणे कोणाच्या लक्षात येत नाही. मी एक साधी वही ठेवली आहे. तीत प्रत्येकाशी शेवटचे प्रत्यक्ष बोलणे केव्हा झाले याची तारीख लिहितो आणि सहा महिने उलटले की फोन करतो. मैत्रीत अशी कारकुनी कसली, असे माझी पत्नी म्हणते. तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. तरी मी वही सोडलेली नाही, कारण पूर्वी हे काम मनावर सोपवले होते तेव्हा ते झाले नव्हते.

कोणाच्या घरी मृत्यू झाला तर दहाव्याला जाच, पण तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा. तोवर नातेवाईक पांगलेले असतात, घर शांत झालेले असते आणि माणूस बोलू लागतो. मित्राला उसने द्यायचे झाल्यास परत न आले तरी चालेल एवढेच दे आणि त्याची वाच्यता इतरांजवळ करू नकोस. हुद्द्याने मोठा झालेल्याला वर्गात कोणी ‘साहेब’ म्हणू लागले, तर तेथेच थट्टेने थांबव.

आता आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घाटावर जमतो. पासष्टी उलटल्यामुळे एसटीचे अर्धे तिकीट पडते. महिलांना तर 2023 पासून वयाची अटही राहिलेली नाही, त्यामुळे साताऱ्याहून येणाऱ्या मैत्रिणी वाढल्या आहेत. भोजन, भाषणे काही नसते. चहा आणि भजी, तीही ज्याची त्याने आपली घ्यायची. हिशेब माझ्या त्या बाकावरच्या मित्राकडे आहे. मागच्या महिन्याचे माझे 12 रुपये बाकी आहेत, असे त्याने काल फोन करून बजावले आहे.

कळावे, लोभ आहेच.